समुद्राकडची थकबाकी

ज्याच्याकडे आपले पैसे अडकलेत त्याच्याच घरच्या लग्नात पंगतीला बसावं, तसं ढोकीच्या माणसाचं समुद्रावर गेल्यावर होतं. मांडव बघावा, रोषणाई बघावी, पण मनात एकच चालू : एवढं आहे तर आमचं का थकवलं?

थकलंय काय, तर पाऊस. आमच्याकडे येणारे पावसाळी ढग बहुतेक ह्याच अरबी समुद्रावरून निघतात. गोव्याला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास देतात, घाटात त्याहून जास्त सांडतात आणि बालाघाटाच्या डोंगरापर्यंत पोचतात तेव्हा पोती रिकामी. धाराशिव जिल्ह्याच्या पदरात पडतं सातशेच्या आसपास, तेही त्यांच्या सवडीनं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती आमच्या ढोकीवरूनच. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. पाण्याला रेल्वेतून जाताना पाहिलेल्या माणसाला लाटांचं कौतुक सांगून बघा.

तरीही दिवाळीनंतर आम्ही गोव्याला निघालो. आत्या, अण्णा, वहिनी, सौ. आणि मी. बार्शी, पंढरपूर, मिरज, कोल्हापूर करत आंबोलीच्या घाटाला लागलो. पावसाळा सरून महिना झाला होता, तरी कडे हिरवेगार. आत्या बराच वेळ खिडकीला डोकं टेकून बसली होती. मग म्हणाली, "हितंच उतरवून घेत्यात व्हय आपला माल?"

सह्याद्रीला जकात नाका म्हणणारा भूगोलाचा शिक्षक मला शाळेत भेटला नाही.

कळंगुटचा किनारा म्हणजे आमच्या येडेश्वरीची यात्राच, फक्त देवी नाही आणि अंगावर कपडे कमी. एकीकडे पॅराशूटला बांधलेली माणसं आभाळात, दुसरीकडे केळ्याच्या आकाराच्या रबरी नावेवरून मुद्दाम पाण्यात पाडून घेणारी माणसं. पडायचे पैसे द्यावे लागतात. आत्यानं कोणाकडेही बघितलं नाही. इरकली लुगड्याचा ओचा सावरत ती घोटाभर पाण्यात गेली, हळद-कुंकू वाहिलं, एक रुपया टाकला आणि हात जोडून उभी राहिली. लाट आली, गेली. पुन्हा आली, गेली. तेवढ्यात आत्या दचकून मागे सरली.

"आरं, ह्ये पायाखालची माती ओढतंय की!"

लाटेचं परतणारं पाणी टाचेखालची वाळू नेतं, हे मी समजावून सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं. पण शेजाऱ्यानं नांगरताना दरवर्षी वीतभर बांध कोरला की कसं लागतं, ते तिनं पन्नास वर्षं सोसलेलं. तिच्या लेखी समुद्राचा स्वभाव तिथंच ठरला.

अण्णांची गोष्ट वेगळी. ते पट्टीचे पोहणारे. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले. विहिरीत पोहलेल्या माणसाची एक अडचण असते. त्याला खोलीची भीती नसते, पण पाणी जागचं हलतं ही कल्पनाच नसते. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं असा तिथला नियम. अण्णांनी काठ शोधला, काठ नाही म्हटल्यावर उभ्यानंच सूर मारला आणि गुडघाभर पाण्यात आपटले. जीवरक्षक शिट्टी वाजवत धावला. अण्णा उठून त्यालाच विचारू लागले, "तळ कुठून लागतो हो?"

दुपारी खाटांच्या छत्रीखाली बसलो. खाटेचं भाडं ऐकून वहिनी वाळूवरच बसल्या आणि त्यांनी डबा सोडला : कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. शेजारच्या टेबलांवर मासे येत होते. आत्या माळकरी. आमच्या शेजारचं तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, तिथली तुळशीची माळ तिच्या गळ्यात. तिनं पदर नाकाला लावून भाकरी मोडली.

तेवढ्यात मण्यांच्या माळा, पैंजणं घेऊन एक लमाणबाई आली. सौ. घासाघीस करायच्या तयारीत होत्या, पण आत्यानं आधीच विचारलं, "कुठल्या तांड्याची गं?" बाई विजयपूरकडची निघाली. कारखान्याच्या गावात ऊसतोडीच्या टोळ्या बघत हयात गेल्यानं आत्याला दोन-चार लमाणी शब्द येतात. ते तिनं सगळे खर्च केले. बाई हसली आणि टोपली खाली ठेवून बसलीच. मग पुढचा पाऊण तास त्या दोघी समुद्राकडे पाठ करून बसल्या होत्या. तुमच्याकडं पाऊस झाला का, तूर कशी आली, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, भाऊ टोळीत जातो का, मुकादम उचल किती देतो. बाईनं अर्धी भाकरी खाल्ली. आत्यानं एक माळ घेतली, भाव न करता. ह्यावर घरी अजून विश्वास बसत नाही. मी गोव्यात बरंच काही पाहिलं, पण त्या किनाऱ्यावर दोन कोरड्या मुलखांची बैठक भरली होती ती जन्मात विसरणार नाही.

संध्याकाळी पणजीला मांडवीतल्या बोटीवर गेलो. नाच, गाणी, कर्णे. निवेदकानं आधी पोरांना नाचायला बोलावलं, मग जोडप्यांना. लग्नातल्या पाणिग्रहणानंतर अण्णांनी वहिनींचा हात चारचौघांत धरल्याची नोंद नाही. वहिनींनी ढकललं म्हणून अण्णा उठले आणि हातात रुमाल धरून वरातीत नाचतात तसे नाचले, एकटेच. वहिनी खुर्चीवरून ठेका देत होत्या. दोघंही जोडप्यातच मोजले गेले.

रात्री लॉजवर मी अण्णांना तेरची गोष्ट सांगितली. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रीक पुस्तकात त्याचं नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांची वाट. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक बाई आहे. तिच्याशी मिळतीजुळती दुसरी 1938 साली इटलीत पॉम्पेईला सापडली, सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडली गेलेली. नेपल्सचं ते आखात म्हणजे श्रीमंत रोमन लोकांचं सुट्टीचं ठिकाण, त्यांचं कळंगुटच म्हणा. ही बाई तेरचीच होती असं नाही. भोकरदनलाही तशीच एक सापडली आहे. पण गेली असणार इकडूनच कुठून तरी.

अण्णा अंधारात म्हणाले, "म्हणजे आपल्यातली एक समुद्रावर गेली ती परत आलीच न्हाई."

"हितं बी कोण ऱ्हातंय," आत्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली. ती झोपली असेल असं आम्हाला वाटलं होतं.

घरी आल्यावर गल्लीतल्या बाया जमल्या. समुद्र कसा असतो, सांगा की! आत्यानं पाय पसरले, गळ्यातली लमाणी माळ नीट केली आणि निकाल दिला : "बघायला चांगला हाय. पण शेतापाशी नको बाई. बांध कोरतो."