हर्षद नाही जी!

इटियाडोह धरणाच्या पाळीवर संध्याकाळी लोक पाणी पाहायला येतात. गुरुजी येतात गाड्यांच्या पाट्या पाहायला. शाळेतून निवृत्त झाले, पण खिशातला खडू काही निवृत्त झाला नाही.

दिवाळीनंतर इथल्या धानकऱ्याला एकच आकडा हवा असतो. धरणात पाणी किती, म्हणजेच उन्हाळी धानाला कालवा सुटणार की नाही? पेपरात तो आकडा आला की गुरुजी आधी त्यातल्या अंकांची बेरीज करतात आणि त्या बेरजेनं आकड्यालाच भागतात. बाकी उरली की चेहरा पडतो. "हर्षद नाही जी."

"मंजे पानी भेटनार नाही का, गुरुजी?"

"पाण्याचा काय संबंध? मी संख्येबद्दल बोलतोय!"

हर्षद म्हणजे आनंद देणारी. हे बारसं देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी केलेलं. तेच गुरुजींचं दैवत. डोंबिवली स्टेशनवर कापरेकरांना ज्या संख्या सुचल्या, त्यांचं नाव त्यांनी स्टेशनवरूनच 'डेम्लो' ठेवलं. लोकांना तिथे गाडीत शिरायलाही सुचत नाही.

त्यातली गुरुजींची लाडकी अशी: नऊ एके ओळीनं मांडा, त्या संख्येला तिनंच गुणा. येतं १२३४५६७८९८७६५४३२१. धरणाच्या पाळीसारखी एका अंगानं चढते, दुसऱ्या अंगानं उतरते. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं भागलं तर बाकी शून्य. अस्सल हर्षद! 'लीलावती' या गणितग्रंथातली एकं-दहंची घरं मोजत गेलं तर ही 'मध्य'पर्यंत पोचते, परार्धाला एकच घर कमी. ते 'एकच घर' गुरुजी असं हळहळून सांगतात, की जणू सांडव्यावरून पाणी जायला बोटभरच कमी पडलंय.

मागच्या रविवारी एकजण नवी कोरी गाडी घेऊन आला. नंबर ७७७७, वरचे पैसे मोजून घेतलेला. पेढे वाटले. गुरुजींनी पेढा खाल्ला आणि खडू काढला. चार अंक घ्यायचे, उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच. उत्तर तीन अंकी आलं तर चौथं घर भरायला पुढे शून्य मांडायचं. फार तर सात खेपांत ६१७४ येतंच, आणि मग ते हलत नाही. हा कापरेकर स्थिरांक. फक्त चारही अंक सारखे नकोत.

"७७७७ वजा ७७७७," गुरुजी म्हणाले. "शून्य. पहिल्याच खेपेला बुडाला जी."

गाडीवाल्याचा पेढा हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला, गाडी दूर उभी करून.

"गुरुजी, ७७७८ घेतला असता तं?"

गुरुजींनी दगडावर मांडलं. ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४.

"पाच खेपांत पोचला असता. अन् वरचे पैसेही वाचले असते."