शनिवार-रविवार सत्कारणी लावण्याची नियमावली

म्युनिकला शिकायला येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला खोली मिळायला वेळ लागतो. सहा महिने आधी आलेला मराठी मुलगा मात्र विमानतळावरच मिळतो. माझ्या वाट्याला आलेला सांगलीचा होता. आम्ही त्याला ‘आजोबा’ म्हणत असू, वय चोवीस. त्याच्या आज्ञांचे हे संकलन नवागतांच्या कल्याणासाठी सादर आहे.

नियम १. शनिवारी अकराच्या आत मारियनप्लाट्झच्या चौकात हजर राहावे.
तेथील नव्या टाउनहॉलच्या मनोऱ्यावर ४३ घंटांच्या तालावर ३२ बाहुल्या फिरतात. वरच्या मजल्यावर १५६८ साली झालेले ड्यूक पाचवे विल्हेल्म यांचे लग्न, खालच्या मजल्यावर पिंपे बनवणाऱ्या कारागिरांचा नाच. एकूण बारा-एक मिनिटे. मध्येच मान अवघडते आणि अर्धा चौक फोन खिशात घालून चालू लागतो. नवागताने हलू नये. शेवटी अगदी वर एक सोनेरी कोंबडा तीनदा आरवतो, आणि आजोबांचा सगळा खटाटोप त्या कोंबड्यासाठी असे. ‘आता बघ, आता बघ’ हे लग्नापासूनच सुरू. कोंबडा आरवतो अगदीच बारीक, सर्दी झाल्यासारखा. पण त्या क्षणी आजोबा कोंबड्याकडे नव्हे, आपल्याकडे बघत असतात. ‘वा!’ म्हणावे.

नियम २. कॉफीचा भाव रुपयांत काढू नये. काढलाच तर मनात ठेवावा.

नियम ३. ब्रेड, दूध, केळी शनिवारी रात्री आठच्या आत आणावीत.
रविवारी दुकाने बंद म्हणजे बंद. हे मला सांगितले होते, पण मी आजोबांचे ऐकत नसे. माझा पहिला रविवार आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर गेला. चटणी उत्तम होती. सोबत काही नव्हते.

नियम ४. रविवारी पाऊस असल्यास संग्रहालय गाठावे.
आल्टे पिनाकोथेकमध्ये रविवारी एक युरोत प्रवेश मिळतो. तिथे ड्यूररने १५०० साली काढलेले स्वतःचे चित्र आहे. समोरून, थेट डोळ्यांत बघणारे. एका युरोत इतके रोखून कोणी बघत नाही.

नियम ५. पाऊस नसल्यास डोंगर.
येथील पिवळ्या पाट्यांवर किलोमीटरऐवजी बहुधा तास लिहिलेले असतात. वाट निळी असेल तर सोपी, लाल असेल तर मध्यम, काळी असेल तर घरी आई आहे हे आठवावे. पाटीवरचे तास कोणाच्या पायांनी मोजले, ते सत्तरीच्या जर्मन आजी दोन काठ्या टेकत आपल्याला ओलांडून गेल्या की कळते.

प्रत्येक डोंगराची तुलना कळसूबाईशी करणे हा मराठी माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे. वॉलबर्ग १७२२ मीटर, कळसूबाई १६४६. ‘फक्त ७६ मीटरचा फरक रे!’ असे आजोबा पायथ्याशी म्हणाले. दुसऱ्या तासाला ७६ हा आकडा कोणीही उच्चारला नाही. डोक्यावरून रोपवेच्या पेट्या जात होत्या आणि त्यांतली लहान मुले आम्हाला टाटा करत होती. विशेष म्हणजे आजोबा कळसूबाई एकदाच चढले होते, नववीच्या सहलीत. मी तर तेवढाही नाही.

वाटेत समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ‘ग्र्युस गॉट’ म्हणावे. शहरात लिफ्टमध्ये छताकडे बघणारी ही माणसे हजार मीटरवर आपणहून नमस्कार करतात. वारीत ‘माउली’ म्हणतात तसेच हे. दम लागलेला असताना म्हटले तर अधिक मनापासून वाटते.

नियम ६. खिशात वीस युरोची नोट ठेवावी.
डोंगरावरच्या खानावळीत कार्ड चालेलच असे नाही. कायझरश्मार्न घ्यावे : जाडसर गोड घावनाचे तुकडे, वर पिठीसाखर, बाजूला सफरचंदाचा शिजवलेला गर. दोघांत एक. प्लास्टिकची रिकामी बाटली फेकू नये, दुकानात परत केली की २५ सेंट मिळतात. चार बाटल्या म्हणजे एक ड्यूरर.

नियम ७. आगगाडीत योग्य तुकड्यातच बसावे.
हा नियम सर्वांत महत्त्वाचा. डोंगराकडे जाणारी गाडी होल्झकिर्खेनला तुटते, एक तुकडा बायरिशझेलकडे जातो. उरलेली शाफ्टलाखला पुन्हा तुटते : एक लेंग्रीसला, एक टेगर्नझेला. गाडी एकच दिसते, पण आतून एका तुकड्यातून दुसऱ्यात जाता येत नाही. डब्यावरची पाटी वाचूनच चढावे.

आजोबा मार्चमध्ये नोकरीला हॅम्बुर्गला गेले. तिथे डोंगर नाहीत. कोंबड्याचेही काही ऐकले नाही. त्यांच्यामागे गादीवर मी. गेल्या रविवारी दोन नव्या मुलांना फलाटावर नियम सात सविस्तर, हातवारे करून समजावला, टेगर्नझेच्या डब्यात बसवले आणि पाण्याची बाटली आणायला उतरलो. दारे बंद होता होता मिळेल त्या डब्यात शिरलो.

बायरिशझेल सुंदर गाव आहे. बाकावर बसलो की समोर डोंगर, आणि दुपारचे सगळ्यांचे डबे माझ्याच पिशवीत. चटणी-पोळी खात होतो तेव्हा फोन आला. दोघे वर पोहोचले होते, वाऱ्याने आवाज तुटत होता.

‘दादा, इथे कार्ड घेत नाहीत.’

नियम सहा मी चढताना सांगणार होतो. म्हणून हे सगळे आता लिहूनच ठेवले.