बादलीतले बाप्पा

नातीच्या शाळेने मला ‘पाणी वाचवा’ या विषयावर बोलायला बोलावलं. पात्रता एकच : मी रिटायर आहे आणि कुणाला नाही म्हणत नाही.

भोपाळमध्ये पाण्यावर बोलायचं म्हणजे भोजराजापासून सुरुवात आलीच. अकराव्या शतकात त्याने कोलांस नदीला मातीचा बांध घातला आणि बडा तालाब झाला, इथपर्यंत मुलांनी सोसलं. पुढे मी सांगितलं की 2002 मध्ये बडा आणि छोटा, दोन्ही तलाव ‘भोज वेटलँड’ म्हणून रामसर यादीत गेले. (रामसर म्हणजे रामाचं सरोवर, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ते इराणातलं गाव निघालं.) मग आवाज चढवून म्हणालो, “मुलांनो, कोलारचं पाणी आलं, नर्मदेचं आलं, तरी शहरातल्या कितीतरी नळांना अजून बड्या तालाबचंच पाणी येतं!”

तिसऱ्या बाकावरून हात वर. “दादाजी, गणेशजी भी तो बड़े तालाब में जाते हैं. फिर नल से वापस आते हैं क्या?”

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मी शास्त्राचा आधार घेतला. शाडूचे विरघळतात, प्लास्टरचे सहजी विरघळत नाहीत, तळाशी बसून राहतात. रंग मात्र पाण्यात उतरतो.

तेवढ्यात नात उठली आणि खणखणीत मराठीत म्हणाली, “आबा, मागच्या वर्षी आपला कुठला होता?”

मराठीत विचारलं म्हणून वाचलो असतो. पण 1956 साली नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांतून फायलींबरोबर कारकूनही भोपाळला आले. माझे वडील त्यांतलेच. तेव्हापासून इथल्या कुठल्याही वर्गात मराठी समजणारी चार पोरं निघतातच. त्या चौघांनी भाषांतर केलं. आमचा प्लास्टरचा होता. तीन फुटी. वर सोनेरी मुलामा.

यंदा वीतभर शाडूची मूर्ती आणली. अंगणात बादली भरली. तीही नातीने मापून, आरओच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याने. हिने “देवाला असलं पाणी?” म्हणून पाहिलं, पण नातीपुढे कुणाचं चालतं! आरती झाली. आम्ही पाच जणं बादलीभोवती वाकून “पुढच्या वर्षी लवकर या” म्हणत होतो, तेवढ्यात भिंतीवरून शेजाऱ्यांचं डोकं वर आलं.

“को खां, बाल्टी में कौन है?”