विरळ हवेतले आतोबा

लग्नाची तिथी निश्चित झाली, की पत्रिकेचा मसुदा छापखान्यात जाण्यापूर्वीच प्रत्येक मराठी घराण्यात एक गृहस्थ आपोआप कामावर रुजू होतात. त्यांची नेमणूक कोणी करीत नाही, त्यांचा मुशाहिरा कोठे खर्ची पडत नाही, आणि तरीही मांडवाच्या मेढीपासून मुखशुद्धीच्या सुपारीपर्यंत त्यांच्या शेऱ्यावाचून कसलीही तजवीज कायम होत नाही. आमच्याकडे हा अधिकार आतोबांकडे, म्हणजे आत्याच्या यजमानांकडे, केवळ कंठबळाने चालत आला आहे. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेल्या या पुरुषाने निवृत्तीच्या दिवशी दौत-टाक इमानाने सरकारजमा केले. परिपत्रके काढण्याची शक्ती मात्र तो घरी घेऊन आला.

माझ्या धाकट्या भावाचा विवाह लेहच्या कन्येशी ठरला, आणि तो तिच्या माहेरीच, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर व्हावयाचा, हे कळताच आतोबांच्या मुद्रेवर जे तेज चढले ते नवरदेवाच्याही मुद्रेवर दिसले नव्हते. त्यांचे स्वतःचे पर्वतारोहण 1,646 मीटरच्या कळसूबाईवर, तेही निम्म्या वाटेपर्यंतच, झालेले असले, तरी अनुभवाच्या अभावाने सल्ला अडला असे त्यांच्या बाबतीत कधी घडलेले नाही. डॉक्टर, माजी सैनिक, प्रवासी या सर्वांच्या जबान्या घेऊन त्यांनी ‘पर्वतीय विवाहास जाणाऱ्या वऱ्हाडी मंडळींनी पाळावयाचे नियम’ या मथळ्याचे सतरा कलमी परिपत्रक तयार केले आणि बारनिशीत नोंदवून घरोघर इरसाल केले.

न्यायाने सांगावयाचे, तर त्यातले एकही कलम खोटे नव्हते. लेह येथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश असल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. सबब विमानाने जाणाराने मुहूर्तापूर्वी निदान दोन दिवस पोचावे, आणि ते दोन्ही दिवस स्वस्थ पडून, अल्प बोलून व मंद चालून काढावेत, हे पहिले कलम. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी स्वतःच्या डॉक्टरांस विचारून घ्यावी, शेजाऱ्याच्या कपाटातून नव्हे, हे चौथे. तेथे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, म्हणून वरणावरून वधूपक्षास नावे ठेवू नयेत, हे सातवे. हवा थंड असली तरी ऊन प्रखर असते, तेव्हा नाकास मलम व डोळ्यांस काळा चष्मा, हे नववे. बाहेरच्या प्रांतातले प्रीपेड फोन तेथे मुके होतात, हे अकरावे. चिवड्याच्या बंद पिशव्या फुगून टम्म होतील, त्यांस टाचणी लावू नये, हे तेरावे. खताक नावाचे शुभ्र वस्त्र दोन्ही हातांनी अर्पण करावे, हे चौदावे. आणि डोकेदुखी लपवू नये, व बसल्या जागी धाप लागू लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर मुहूर्ताकडे न पाहता इस्पितळ गाठावे व खाली उतरावे, हे सतरावे.

आम्ही या दस्तऐवजाचे तेच केले जे रयत परिपत्रकांचे करते: ‘वाचले’ अशी सही करून तो घडी घालून ठेवला.

दुपारी तेथे वारा उठतो म्हणून विमाने सकाळीच उतरतात. त्याप्रमाणे आम्ही उतरलो, आणि पहिल्या कलमाचा पहिला भंग त्याच्या कर्त्याच्याच हातून झाला. चोवीस डाग मोजणे, मोटारवाल्याशी भाड्याचा हुज्जतपूर्वक फैसला करणे, आणि सर्व मंडळी खरोखरच विश्रांती घेत आहेत किंवा कसे याची तीन मजले चढून खोलीखोलीत तपासणी करणे, इतकी विश्रांती आतोबांनी पहिल्या चार तासांत घेतली. एरवी ज्यांच्या वाक्यातला कर्ता सकाळच्या चहाला निघून क्रियापद जेवणाच्या ताटावर भेटते, त्यांची वाक्ये तिसऱ्या प्रहरी आखडू लागली. आधी विशेषणे गळाली, मग अव्यये, आणि दिवेलागणीस दोन्ही हातांनी कपाळ धरून ते केवळ ‘पाणी’ एवढेच म्हणाले. डॉक्टरांनी धोका नसल्याचा निर्वाळा देऊन त्यांस दोन दिवस अंथरूण आणि, ज्याची कल्पना आत्यालाही कधी सुचली नव्हती, ते मौन फर्माविले.

लग्नाच्या दिवशी त्या मौनाची किंमत आम्हांस कळली. लदाखी पाहुणे गोंचे नावाचे लांब झगे घालून, दमन आणि सुरना या वाद्यांच्या नादावर, पावलामागे पाऊल टाकीत दुपारभर संथपणे नाचत होते. आमच्या तरुण मंडळींनी वरातीचा शिरस्ता म्हणून जी उसळी घेतली ती दोन मिनिटांत भिंतीला टेकून बसली. पिरोजांनी मढलेला, पाठीवर उतरलेला पेराक मस्तकी धारण करून वधू ज्या धीम्या गतीने चालली, ती गती अलंकाराची नसून त्या उंचीचीच असावी, असे मला वाटू लागले. माझे नाक टोमॅटोसारखे झाले, मावशीच्या फोनला घरचा आवाज लागेना, मामींनी खताक एका हाताने दिला, आणि मुलांनी चिवड्याची पिशवी फोडून सोयऱ्यांच्या अंगावर शेवेची वृष्टी केली.

सायंकाळी एकेक करून सारे आतोबांच्या उशाशी गाऱ्हाणे घेऊन गेले. श्वास जपून वापरावयाचा असल्यामुळे ते नुसता आकडाच उच्चारीत. माझे नाक पाहून म्हणाले, ‘‘नऊ.’’ मावशीला म्हणाले, ‘‘अकरा.’’ मामींना चौदा मिळाला, मुलांना तेरा. आणि प्रत्येकजण बाहेर जाऊन खिशातले परिपत्रक काढून, आयुष्यात प्रथमच, ते कलम मन लावून वाचू लागला.

तिसऱ्या दिवशी ते उठून बसले, चहा प्याले, आणि आत्याला बशीखाली ताटली ठेवण्याविषयी एक सबंध वाक्य बोलले. तेव्हा प्रकृती सुधारली अशी खात्री होऊन मी नम्रपणे विचारले, ‘‘आतोबा, पहिले कलम काय होते हो?’’ त्यांनी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे दृष्टी वळविली, आणि श्वास पुरेसा असूनही ते काही बोलले नाहीत.