डोळे मिटा, मग तार बदला

स्पीकरच्या तारेला लाखांची किंमत लावणाऱ्यांनी ती एकदा तरी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून विकून दाखवावी. 2007 साली अमेरिकेत जादूगार जेम्स रँडी यांनी हेच आव्हान दिलं होतं. पेअर कंपनीच्या ‘अँजू’ तारांची जोडी तेव्हा 7,250 डॉलरला मिळे. ती आणि साधी तार यांतला फरक नुसत्या कानांनी ओळखा, 10 लाख डॉलर घेऊन जा! कंपनीने अंग काढून घेतलं. चाचणी झालीच नाही.

तारेने फरक पडतच नाही, असं मी म्हणत नाही. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार 4 ओहमच्या स्पीकरला 5 मीटरवरून जोडा. जाऊन-येऊन 10 मीटर तांब्याचा रोध 0.4 ओहमच्या घरात जातो आणि आवाज जवळजवळ एक डेसिबलने उतरतो. स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला वेगळा, त्यामुळे सगळे स्वर सारखे उतरतही नाहीत. हे कानाला कळू शकतं. पण अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली, की रोध 0.1 ओहमच्याही खाली येतो. विषय संपला. ही तार घराच्या वायरिंगला वापरतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते.

वीजजोडणीच्या महागड्या केबलने आवाज सुधारतो, हा दावा तर सरळ खोटा आहे. महावितरणच्या खांबांवरून अ‍ॅल्युमिनियमच्या तारांतून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये ‘शुद्ध’ होत नाही.

फरक ऐकू आला म्हणणारे लोक खोटारडे नसतात. किंमत ठाऊक असली की कान तिच्या बाजूने झुकतात, आणि आवाज किंचित मोठा असला तरी तो अधिक चांगला वाटतो. नेमका याचाच धंदा होतो, आणि गायिका किशोरीताई आमोणकरांची एक तान नीट ऐकू यावी म्हणून पै-पै साठवणारा रसिक त्यात नागवला जातो. याचा मला राग आहे.

तेव्हा खरेदीआधी दुकानदाराला सांगा: ‘मल्टिमीटर लावून दोन्ही तारांवर स्पीकरचा व्होल्टेज सारखा करा, मी पाठ फिरवतो, तुम्ही नाणं उडवून 10 वेळा तार निवडा.’ 9 वेळा अचूक ओळखलीत, तर खुशाल घ्या. तो तयार नसेल तर पैसे देऊ नका. ते चांगल्या स्पीकरवर आणि खोलीतल्या जाड पडद्यांवर खर्च करा.