वाढत्या अंगाची

आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर येतं. एरवी वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना रेंजरराव म्हणतात. वय पंचेचाळीस, नोकरी सॉफ्टवेअरमधली, पोट सुखवस्तू. त्यांची मोटार बाहेर रस्त्यावर उन्हात तापत असते आणि पार्किंगच्या हक्काच्या जागेत, चादर पांघरून, एक जुनी रेंजर सायकल झोपलेली असते.

ही जमात कोथरूडात हल्ली बरीच वाढली आहे. नखांत ग्रीस आणि तोंडात ‘ओरिजिनल’ हा शब्द, एवढ्यावर ओळखायची.

दुखणं जुनं आहे. १९९३ साली रेंजरराव सातवीत होते आणि अख्ख्या वर्गाचा जीव रेंजरवर होता. आडवं सरळ हँडल, गोट्यागोट्यांचे जाड टायर, भडक स्टिकर. आपल्याकडच्या या माउंटन बाइकांना बऱ्याचदा गियरही नसत आणि डोंगर तर त्यांनी चित्रातही पाहिलेला नसे. पण नुसती स्टँडवर उभी असली तरी सायकल सिंहगड चढून आल्यासारखी दिसायची. वडिलांनी आणली काळी, बावीस इंची, कॅरियरवाली. म्हणाले, “वाढत्या अंगाची घेतलीय.” त्या घरात गणवेश, चपला, स्वेटर, सगळंच वाढत्या अंगाचं असे. मग नळीखालून पाय घालून दोन वर्षं हाफ पायडल. सीटवर बसून पाय पोचायला लागले, त्याच महिन्यात सायकल चोरीला गेली.

तीस वर्षांनी एका रविवारी जुन्या बाजारात त्यांना ती रेंजर दिसली. म्हणजे तिचा सांगाडा दिसला. बाराशे रुपये. घासाघीस करायचीही शुद्ध त्यांना राहिली नाही.

पहिले तीन रविवार डाव्या पायडलवर गेले. पान्याला पाईप लावला, पाईपवर स्वतः उभे राहिले, पायडल हलेना. शेवटी नाक्यावरच्या सायकलवाल्या अण्णांना बोलावलं. अण्णा बिडी न विझवता म्हणाले, “साहेब, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. तीन आठवडे तुम्ही ते आवळताय.” याच अण्णांच्या पाटीवर ‘ओव्हरऑइलिंग’ लिहिलंय, ते ‘ओव्हरहॉलिंग’ असायला हवं, हे रेंजररावांनी त्यांना पूर्वीच समजावून पाहिलं होतं. “तेल तर आम्हीच घालतो ना साहेब,” एवढंच उत्तर मिळालं होतं.

मग गंजाचं पर्व आलं. क्रोमवरचा गंज अ‍ॅल्युमिनियम फॉइल ओलं करून घासलं की झकास निघतो, हे खरंच आहे. छोटे भाग लिंबूफुलाच्या पाण्यात भिजत घातले की सकाळी स्वच्छ, हेही खरं. पण त्यामुळे आठवडाभर डब्यातल्या पोळ्या वर्तमानपत्रात गेल्या आणि पाहुणे दारात असताना वहिनींना ढोकळ्यासाठी चिमूटभर लिंबूफूल मिळालं नाही. मागच्या हबचे छर्रे मोजून ठेवलेले, एका बाजूला नऊ. नववा घरंगळला. अर्धी सोसायटी टॉर्च घेऊन ओणवी झाली. बाजारात नवे छर्रे किरकोळ पैशांत मिळतात, पण ओरिजिनल!

घासता घासता ते इतिहास सांगतात. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरीन काउंटीत, काही पोरं जुनाट जाड टायरच्या सायकलींवरून मातीच्या उतारावर शर्यती लावायची. पायडल उलटं दाबून लागणारा मागचा ब्रेक. खाली येईपर्यंत हबमधलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच ‘रीपॅक’. जो ब्रीझ, गॅरी फिशर ही नावं रेंजरराव अशी घेतात, की ते सदाशिव पेठेतले त्यांचे आतेभाऊ वाटावेत. “अगं, माउंटन बाइक जन्मलीच मुळी भंगारातून,” ते बायकोला पटवतात.

“तिकडे जन्मली,” वहिनी म्हणतात, “मरायला माझ्याच घरी आली का?”

खर्चाचं विचारलं तर “बारा-तेरा” म्हणतात. वहिनी शंभरात धरतात, ते हजारात सांगत असतात. खोटं कुणीच बोलत नाही. नुसते ते गुलाबी-पिवळे स्टिकर हुबेहूब छापून घ्यायला सायकलीपेक्षा जास्त पैसे पडले; आणि गुलाबी जरा फिका आला म्हणून परत छापले. मला दोन्ही गुलाबी सारखेच दिसले, पण मी तसं बोललो नाही. शेजारधर्म असतो.

खंडेनवमीला सायकल तयार झाली. हँडलला झेंडूचा हार, नळीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. चाकाचा आऊट असा काढलेला की फिरताना ते स्थिर आहे असं वाटावं. ऐंशीचे वडीलही काठी टेकत खाली आले. रेंजरराव टांग मारून बसले.

अठरा इंची फ्रेम. सीट जेवढी वर जाईल तेवढी नेलेली. तरी पहिल्याच फेरीत गुडघे पोटाला लागायला लागले, वळणावर हँडलला, आणि दुसऱ्या वळणावर दोन्हींना एकदम. पुढची फेरी त्यांनी उभ्यानेच मारली. आम्ही टाळ्या वाजवल्या. वडील मात्र काठीवर हनुवटी ठेवून बारकाईने बघत होते.

“तरी तुला तेव्हाच सांगत होतो,” ते म्हणाले, “वाढत्या अंगाची घ्यावी.”