भोरड्या आणि गांधीलमाशी

आमच्या सोलापुरात नेमबाजीचं पहिलं शिक्षण गड्ड्यावर होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की होम मैदानावर फुग्यांचा फळा उभा राहतो आणि त्याच्यापुढं नळी मोडून छर्रा भरायची ती बंदूक. मी ती पहिल्यांदा खांद्याला लावली तेव्हा दहा छर्ऱ्यांत एक फुगा फुटला, आणि तोही नेम धरला होता त्याच्या शेजारचा. तिथली नळी मुद्दाम वाकवलेली असते, असं हरलेले सगळेच सांगतात. माझ्या हातात ती सरळ असती तरी फारसं काही बदललं नसतं.

म्हणून यंदा नान्नजकडच्या मामांच्या रानात हुरडा खाताना बंदुकीचा विषय निघाला, तेव्हा मी कणीस चोळून दाणे तोंडात टाकले आणि गप्प राहिलो. विषय काढला मामांच्या नातवानं. तो अमेरिकेत असतो. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर माळावर जाऊन प्रेअरी डॉग मारतो म्हणे.

"कुत्री मारतेत?" आगटीतला राखुंडा सारता सारता मामांचा हात थांबला.

"कुत्रं नाही आजोबा. खारीच्या जातीचं असतं. जमिनीत बिळं करतं, गवत खातं."

"मग खार म्हणायचं की बे."

नातवानं मोबाइलवर काडतुसाचा फोटो दाखवला. नाव पॉइंट टू-टू हॉर्नेट. पितळेची पुंगळी करंगळीएवढीसुद्धा नाही. १९३०च्या सुमाराला स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेतल्या काही हौशी मंडळींनी जुन्या काडतुसावर खटपट करून हे घडवलं. पुढं १९५० साली पॉइंट टू-टू-टू रेमिंग्टन आलं आणि याचा मान थोडा कमी झाला, तरी जुने लोक अजून हेच वापरतात, असं तो अगदी घरच्या म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं सांगत होता. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. अशाच दुसऱ्या एका काडतुसाचं नाव मधमाशी. गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगानं जाते, म्हणजे खारीला आवाज ऐकू येण्याआधीच सगळं आटोपलेलं असतं.

"आणि खातेत का त्येला?"

"नाही. ते व्हार्मिंट आहेत ना. म्हणजे उपद्रवी."

"उपद्रवी," मामा म्हणाले. "मंजी भावकी."

मला मात्र दुसऱ्याच गोष्टीनं घेरलं. गोळीचं वजन ते ग्रेनमध्ये मोजतात, आणि ग्रेन म्हणजे दाणा. आपल्याकडं सोनाराच्या तराजूत गुंज पडायची, तसा तिकडं धान्याचा दाणा. हॉर्नेटची गोळी साधारण ४५ ग्रेनची, म्हणजे ३ ग्रॅमला थोडी कमी. समोर मालदांडी ज्वारी उभी होती. आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं वाण. तिचे शंभर दाणे साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरतात. मी हिशोब केला: एका गोळीत ज्वारीचे ऐंशीएक दाणे. भोरडी पाखरावर एक बार काढायचा तर तिनं आधी ऐंशी दाणे तरी खाल्लेले असावेत, नाहीतर व्यवहार तोट्याचा. शेतीचे बाकीचे सगळे व्यवहार तोट्याचेच असतात, ते सोडा.

मामांच्या वडिलांकडं ठासणीची बंदूक होती, पीक राखण्याच्या परवान्यावरची. दारू ठासून, चिंध्या कोंबून, छर्रे भरून ती तयार होईपर्यंत डुक्कर शेजाऱ्याच्या रानात गेलेलं असायचं. शेजाऱ्याशी बोलाचाल बंद झाली, त्याचं एक कारण तेही असावं. पुढं १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७९ साली नान्नजला माळढोकाचं अभयारण्य झालं, आणि काळवीट ज्वारीत शिरलं तरी त्याच्याकडं नुसतं डोळे वटारून बघायचं, एवढंच शेतकऱ्याच्या हाती राहिलं. ते वटारलेल्या डोळ्यांना भीत नाही. बंदूक उरली ती खेळापुरती. नेमबाज स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटरवर कांस्यपदक घेतलं, ती रायफलही पॉइंट टू-टूचीच. पण समोर कागद होता. कागद कणसं खात नाही.

बोलणं चाललं असताना भोरड्या उतरल्या. कझाकस्तानाकडून हजारो कोसांवरून येतात आणि बरोबर आमच्याच ज्वारीवर बसतात. आधी आभाळात धुराचा लोळ फिरावा तशा फिरल्या, मग अख्खं रान गुलाबी-काळं झालं. टोळ-नाकतोडेही त्या खातात, हे खरं. पण ते पुण्य मामांच्या खात्यावर कधी जमा झालेलं त्यांनी पाहिलेलं नाही.

मामा माळ्यावर चढले. वय ऐंशीच्या घरात. काळ्या रानात दगड मिळायची मारामार, म्हणून मातीचे गुंडे वाळवून ठेवलेले. त्यातला एक त्यांनी गोफणीत घातला, डोक्याभोवती तीन वेढे दिले आणि सोडला. गुंडा कुठं गेला कुणाला दिसला नाही. गोफणीच्या शेपटाचा मात्र असा कडाका उडाला की सगळं रान एकदम वर उठलं. एका दगडात दोन पक्षी मारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. एका गुंड्यात दोन हजार उठवणारा हा एवढाच.

नातवाला हुरूप आला. "दोनशे मीटरवर खार टिपतो मी, आजोबा." त्यानं गोफण घेतली, फिरवली, सोडली. गुंडा मागं येऊन आगटीत पडला. राख उडाली, ती दह्याच्या वाडग्यात, शेंगाचटणीवर आणि माझ्या चष्म्यावर बसली. माझा गड्ड्यावरचा विक्रम मला एकदम बरा वाटायला लागला.

"आता कोण उपद्रवी बे?" मामा वरनं ओरडले.

तोवर भोरड्या एक गिरकी घेऊन बांधापलीकडच्या रानात, भावकीच्या ज्वारीवर, उतरल्या होत्या. मामा कमरेवर हात ठेवून तिकडं बघत राहिले. मग खाली उतरून गोफण नातवाच्या हातातनं काढून घेतली, गुंडाळली आणि खांद्यावर टाकली.

"दुसरा गुंडा नाही का टाकणार?" मी विचारलं.

"कशाला? जेवायलेत. जेवू दे की."